राहत्या घराचे काम काढताना : ताण कुठून येतो आणि तो कसा आवरावा

भाताची मळणी उरकली, दिवाळी झाली, की किलवणी परिसरात रस्त्यांच्या कडेला रेती-खडीचे ढीग दिसू लागतात. सिल्वासातील किलवणी नाक्यावरून गावाकडे वळणाऱ्या टेम्पोंत सिमेंटच्या गोण्या, सळयांचे भारे, क्वचित एखादा नवा दरवाजा असतो. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत हा हंगाम चालतो. कुणाचे कुडाचे घर उतरवून विटांचे होते, कुणाच्या पत्र्यांच्या जागी स्लॅब पडतो, कुणाची अंगणातील न्हाणी घरात येते. आणि याच महिन्यांत घराघरांत झोप उडते, पतिपत्नींचे खटके वाढतात, मुलांचा अभ्यास मागे पडतो, म्हातारी माणसे अबोल होतात. बांधकामाच्या खर्चाचा हिशेब प्रत्येक जण ठेवतो. या दुसऱ्या खर्चाची नोंद मात्र कुठल्याच वहीत होत नाही.

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण नव्या घराविषयी आहे. राहत्या घराची दुरुस्ती हे त्याहून बिकट प्रकरण, कारण नवे घर बांधणाऱ्याला संध्याकाळी परतण्यासाठी जुने घर असते. दुरुस्ती काढणाऱ्याला ते नसते. ज्या ठिकाणी माणूस दिवसभराचा शीण उतरवतो तेच ठिकाण शिणाचे कारण होऊन बसते.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या विषयाचा विचार केलेला आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. जोडीदाराचा मृत्यू या घटनेला त्यांनी १०० गुण दिले, विवाहाला ५०. घरदुरुस्ती असे स्वतंत्र कलम तीत नाही. पण मोठे कर्ज (३१), राहण्याच्या परिस्थितीतील बदल (२५), झोपेच्या सवयीतील बदल (१६) आणि जेवणाच्या सवयीतील बदल (१५) ही चार कलमे दुरुस्तीच्या काळात एकदम घरात शिरतात. त्यांची बेरीज ८७ होते. जोडीदाराशी वाढलेल्या भांडणांचे ३५ गुण आपण तूर्त बाजूला ठेवू. अशी बेरीज अक्षरशः घेण्याचे कारण नाही, माणसामाणसांत फरक असतोच. तरी ‘एवढ्याशा कामाचा एवढा काय त्रास’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकाला दाखवण्यापुरती ती उपयोगी आहे.

अंदाज आणि प्रत्यक्ष

ताणाचे सर्वांत मोठे मूळ अंदाजात असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांचे सहकारी एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये एका मानवी खोडीला नाव दिले. आपण हाती घेतलेले काम किती वेळात आणि किती पैशांत होईल, हे ठरवताना माणूस सगळे सुरळीत घडेल असे गृहीत धरतो. पूर्वीची अशीच कामे कशी लांबली याची आठवण असूनही ती हिशेबात घेत नाही. काहनेमन यांनी आपल्या २०११ च्या पुस्तकात याचे नेमके उदाहरण दिले आहे ते स्वयंपाकघराचे. अमेरिकेत २००२ साली स्वयंपाकघराचे नूतनीकरण केलेल्या घरमालकांची पाहणी झाली. त्यांचा सरासरी अंदाज होता १८,६५८ डॉलरचा. प्रत्यक्ष सरासरी खर्च झाला ३८,७६९ डॉलर, म्हणजे दुपटीहून अधिक.

यावरचा उपाय काहनेमन सांगतात तो आपल्या पाड्यावर सहज करता येण्याजोगा आहे. ‘माझे काम किती दिवसांत होईल’ हा प्रश्न गवंड्याला विचारण्याआधी, आपल्यासारखेच काम गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या घरांत झाले तिथे जाऊन ‘तुमचे काम किती दिवस चालले आणि ठरल्यापेक्षा किती जास्त लागले’ हे विचारावे. तीन-चार घरांची उत्तरे मिळाली की आपला अंदाज आपोआप जमिनीवर येतो. गवंडी खोटे बोलतो असे नव्हे. त्यालाही तीच मानवी खोड असते, शिवाय काम मिळवायचे असते. शेजाऱ्याला तुमच्याकडून काही मिळवायचे नसते, म्हणून त्याचे उत्तर अधिक खरे.

मिळालेल्या रकमेच्या वर काही राखीव ठेवावी. जुन्या घराच्या बाबतीत ती मोठी हवी, कारण भिंत फोडल्याशिवाय आतील वाळवी, कुजलेला वासा किंवा गंजलेला पाइप दिसत नाही. एकूण अंदाजाच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम हाताशी नसेल, तर कामाचा आवाका कमी करावा. या वर्षी न्हाणी आणि छप्पर, पुढच्या वर्षी लादी, असे तुकडे पाडावेत. अर्धवट राहिलेले मोठे काम हे पूर्ण झालेल्या लहान कामापेक्षा कितीतरी अधिक जाचते.

हे जाचणे केवळ म्हणण्यापुरते नाही. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॉस एंजेलिसमधील नोकरदार दांपत्यांना आपापल्या घरात फिरून त्याचे वर्णन करायला सांगितले होते. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांचे उल्लेख अधिक आले, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसाच्या अखेरीस जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. पुरुषांत हा संबंध तसा दिसला नाही. आपल्याकडचा अनुभव पाहता याचे आश्चर्य वाटू नये. चूल, पाणी, भांडी आणि मुले यांची तात्पुरती सोय लावण्याचे काम कुणाच्या वाट्याला येते, हे सांगायला हवे असे नाही.

कुडाचे घर, विटांचे घर

दादरा नगर हवेलीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि वारली, कोकणा, धोडिया या समाजांच्या कित्येक वस्त्यांत आजही कुडाची घरे आहेत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर माती, शेण आणि भाताचा तूस यांचा लेप द्यायचा, वर गवत किंवा कौले. या घराची दुरुस्ती दर वर्षी होत असे. पाऊस सरला की भिंतींचे पोपडे पडलेले असत. घरातील माणसेच माती कालवत, सारवत, गेरू लावत. दुरुस्ती होती, पण ती थोडीथोडी, बिनपैशाची आणि आपल्या हातची. नव्या घरात ती दहा-पंधरा वर्षांनी एकदम येते, परक्या कारागिरांच्या हातून येते आणि मोठी रक्कम घेऊन येते. पूर्वी जो ताण वर्षावर्षांत विभागला जाई तो आता एका हंगामात साठतो. ‘आमच्या बापजाद्यांनी घरे बांधली, त्यांना कसला ताण नव्हता’ असे जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे. फक्त कारण मनाच्या कणखरपणात नसून कामाच्या रचनेत आहे.

कुडाचे घर उतरवताना आणखी एक गोष्ट घडते, तिचा उल्लेख योजनांच्या पत्रकांत नसतो. वारली लग्नात घराच्या आतील भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरीच्या गाण्याशिवाय लग्न पुरे होत नाही. ज्या कलेला जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेले आणि जिच्यासाठी त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती मुळात कागदावरची नव्हे, याच सारवलेल्या भिंतीवरची. पुट्टी घासून तैलरंग दिलेल्या गुळगुळीत भिंतीवर पीठ नीट धरत नाही, शेणाचा हात बसत नाही. घरातील आजी नव्या घराच्या स्वागताला नाखूश दिसते, ‘आमच्या वेळी’ असे काही पुटपुटते, तेव्हा तिला पक्के घर नको असते असे नाही. नातवाच्या लग्नाचा चौक कुठे लिहायचा, घरातील देवांची टोपली कुठे टांगायची, कणगी कुठल्या कोपऱ्यात उभी करायची, हे तिला कुणी विचारलेले नसते.

म्हणून नकाशा ठरवतानाच तिला विचारावे. आतील एक भिंत पुट्टीविना, खरबरीत गिलाव्याची ठेवावी आणि तीवर चुना किंवा गेरू द्यावा. यात खर्च वाढत नाही, उलट थोडा वाचतो. देवाची जागा आणि धान्याची जागा आधी आखून घ्यावी. पाडकाम सुरू होण्यापूर्वी देव कुठे हलवायचे, कोणत्या दिवशी हलवायचे, हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. निर्णयात वाटा असलेल्या माणसाला गैरसोय कमी बोचते.

ज्यांचे घर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून होत आहे त्यांच्यासाठी थोडी वेगळी माहिती. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मैदानी भागासाठी १.२० लाख आणि डोंगराळ वा दुर्गम भागासाठी १.३० लाख रुपये साह्य ठरवण्यात आले; स्वयंपाकाच्या जागेसह घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून १२,००० रुपये जोडण्याची तरतूद आहे. पैसे थेट बँक खात्यात, हप्त्याहप्त्याने येतात, आणि प्रत्येक हप्ता कामाच्या टप्प्याशी बांधलेला असतो. जागेवर छायाचित्र घेऊन ते अक्षांश-रेखांशांसह नोंदवले गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. ताणाच्या दृष्टीने हे मर्म आहे. गवंडी थांबायला तयार नसतो, हप्ता आलेला नसतो, आणि मधल्या काळात सावकाराकडून किंवा दुकानातून उधारी होते. ते टाळायचे तर टप्पा पूर्ण झाल्याच्या दिवशीच ग्रामपंचायतीत जाऊन पाहणीसाठी सांगावे, आणि गवंड्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे की अमुक टप्प्यानंतर काही दिवस काम थांबेल. तो त्या दिवसांत दुसरीकडचे काम धरेल. न सांगता थांबवले तर रागाने जाईल आणि परत येणार नाही.

पावसाचे पंचांग

आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून कामाचा शेवट आधी ठरवावा आणि तिथून मागे मोजत यावे. छप्पर उघडायचे असेल तर ते मेच्या मध्यापर्यंत पुन्हा झाकले गेले पाहिजे. होळीला कामगार आपापल्या गावी जातात. उत्तर भारतातून आलेले कारागीर कधीकधी दोन-तीन आठवडे परतत नाहीत. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते. हे सगळे वजा केले की सहा महिन्यांच्या हंगामात हाती चार महिनेच उरतात.

काही कामे घाई केल्याने लवकर होत नाहीत, बिघडतात. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस, आणि आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात सात दिवसांआधी आणि त्याहून मोठ्या गाळ्यात चौदा दिवसांआधी काढायचे नसतात. मिश्र सिमेंट असेल तर आणखी थांबावे. नव्या गिलाव्यावर रंग देण्यापूर्वी साधारण चार आठवडे सोडावेत. न्हाणीच्या फरशीखाली जलरोधक थर दिल्यावर लादी बसवण्याआधी एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवून गळती पाहावी. या दिवसांत घरात ‘काहीच होत नाही’ असे वाटते आणि चिडचिड वाढते. प्रत्यक्षात काँक्रीटचे काम चालू असते, ते दिसत नाही एवढेच. कॅलेंडरवर हे दिवस आधीच वेगळ्या रंगाने खुणावून ठेवले, तर ते वाया गेलेले वाटत नाहीत. त्याच दिवसांत लादीचा रंग, नळांचे प्रकार, दिव्यांच्या जागा असे उरलेले निर्णय उरकता येतात.

शेजारच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून भिंतीची बारीक तडही काळजाचा ठोका चुकवते. जुन्या भिंतींवर नवा स्लॅब टाकण्यापूर्वी किंवा मधली भिंत काढण्यापूर्वी अभियंत्याला दाखवावे. ही फी अनेकांना अनाठायी वाटते. रात्री छताकडे पाहत जागे राहण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

पैसा आणि कागद

काम रोजंदारीवर द्यायचे की उक्ते, मजुरीपुरते द्यायचे की मालासकट, हा पहिला निर्णय. रोजंदारीत काम लांबण्याची भीती, उक्त्यात घाई होण्याची. आमचा कल लहान दुरुस्तीला रोजंदारी आणि मोठ्या कामाला टप्प्याटप्प्याचे उक्ते असा आहे, पण दोन्हींत कागद हवा. साध्या वहीच्या पानावर कामाची यादी, मालाचा प्रकार, दर, प्रत्येक टप्प्यानंतर द्यायची रक्कम, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, आणि राडारोडा कोण उचलणार, एवढे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तरी पुष्कळ भांडणे टळतात. राडारोड्याचे कलम हमखास विसरले जाते आणि शेवटी अंगणात ढीग तसाच राहतो.

उचल देताना हात आखडता ठेवावा. झालेल्या कामापेक्षा दिलेली रक्कम पुढे गेली की आपली रात्रीची झोप त्या प्रमाणात मागे जाते. छपराच्या आणि जलरोधनाच्या कामात थोडी रक्कम पहिला पाऊस पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी. मध्येच सुचलेले बदल, म्हणजे ‘आता करतोच आहोत तर ही खिडकीही मोठी करू’, हे तोंडी सांगू नयेत. दर विचारून त्याच वहीत लिहावेत. अंदाज कोलमडतो तो बहुधा अशा ‘करतोच आहोत तर’ने.

पैसे घेऊन काम अर्धवट सोडले किंवा निकृष्ट केले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा म्हणून धरलेली आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते. या सर्वांसाठी पावत्या आणि ते सह्यांचे पान लागते, हे वेगळे सांगायला नको. परवानगीविषयीची चौकशी गावात ग्रामपंचायतीत आणि सिल्वासा शहरात नगरपालिकेत काम काढण्यापूर्वीच करावी. निम्मी भिंत चढल्यावर आलेली नोटीस हा निराळाच मनस्ताप असतो.

धूळ, आवाज आणि झोप

आवाजाविषयी एक जुना प्रयोग जाणून घेण्यासारखा आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी माणसांना मोठा, कधीही सुरू होणारा आवाज ऐकवला. त्यांतील काहींच्या हाताशी एक बटण दिले आणि सांगितले की असह्य झाल्यास ते दाबून आवाज बंद करता येईल, पण शक्यतो दाबू नये. आवाज बंद होऊनही ज्यांच्यापाशी बटण नव्हते ती माणसे नंतर दिलेली कोडी लवकर सोडून देत होती. बटण असलेली माणसे चिकाटीने बसत होती, त्यांनी ते बटण दाबले नसले तरीही. १९७२ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. तात्पर्य असे की, आवाजाच्या मोठेपणाइतकाच तो आपल्या आवाक्यात नसण्याचा त्रास होतो.

आपल्या भागात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण येथील कित्येक घरांतील माणसे कारखान्यांत पाळीने काम करतात. रात्रपाळी करून सकाळी परतलेल्या माणसाची झोपेची वेळ आणि कटरची कामाची वेळ एकच येते. चार दिवस अशी झोप मोडली की पाचव्या दिवशी यंत्रावर हात सांभाळणे कठीण, आणि तो धोका घरातल्या चिडचिडीपेक्षा मोठा आहे. त्या महिन्यात पाळी बदलून मागावी. ते जमत नसेल तर दिवसा झोपण्यासाठी भावकीत वा शेजारी जागा ठरवून ठेवावी. गवंड्याशी रोज संध्याकाळी दोन मिनिटे बोलून उद्या तोडफोड आणि कटाईचे काम किती वाजता आहे ते विचारून घरात सांगावे. शेजाऱ्यांनाही सांगावे, परीक्षेचे दिवस असतील तर आवर्जून. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवण्यास मनाई आहेच. पण नियमापेक्षा आधी दिलेली कल्पना शेजारधर्म अधिक टिकवते.

धुळीबाबत दोन ठिकाणी हयगय नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू नयेत, त्यांना कोरडे भोक पाडू नये, ओले करून अखंड उतरवावेत. आणि घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षास ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, आणि ते काम चालू असताना लहान मुले व गरोदर स्त्रिया घरात नसाव्यात.

राहण्याच्या सोयीचे म्हणाल तर एक खोली अखेरपर्यंत कामाबाहेर ठेवावी. तीत गवंड्याचे अवजार, रंगाचा डबा, काहीही येऊ देऊ नये. एक ओटा, एक शेगडी, पाण्याचा एक पिंप, ठरलेली सात-आठ भांडी आणि मुलांची दप्तरे एवढ्यावर घर चालते. न्हाणी आणि शौचालय एकाच वेळी मोडू नये. पर्यायी सोय झाल्याखेरीज मोडूच नये. पुरुष याला किरकोळ बाब समजतात. पहाटे अंधारात दुसऱ्याच्या दारी जावे लागणाऱ्या बाईला ती किरकोळ नसते.

माणसे

गवंड्याशी घरातील एकाच माणसाने बोलावे. सकाळी सासरे एक सांगतात, दुपारी सून दुसरे, संध्याकाळी कामावरून आलेला मुलगा तिसरे. मग भिंत कुणाच्याच मनासारखी होत नाही आणि दोष गवंड्याच्या माथी बसतो. घरातले मतभेद गवंड्यासमोर मांडू नयेत. रात्री जेवणानंतर, ठरवून अर्धा तास कामाविषयी बोलावे आणि तो विषय तिथे बंद करावा. दिवसभर, प्रत्येक घासाबरोबर लादीचीच चर्चा चालणाऱ्या घरात दुसरे काही उरत नाही.

कारागिरालाही मन असते. तो बहुधा दूरच्या जिल्ह्यातून आलेला, पत्र्याच्या खोलीत चौघांबरोबर राहणारा आणि आपल्या मुकादमाकडून उचल घेऊन अडकलेला असतो. चूक दाखवायची तर ओळंबा लावून दाखवावी, आवाज चढवून नव्हे. वाकडी भिंत ओळंब्याला नाकारता येत नाही.

मात्र सगळीच अस्वस्थता घरच्या उपायांनी जाईल असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, कारण नसताना रडू येत असेल, छातीत धडधडत असेल, दारूचे प्रमाण वाढले असेल किंवा कर्जापायी जगण्यात अर्थ नाही असे कुणी बोलून दाखवत असेल, तर तो घराच्या कामाचा नेहमीचा वैताग समजू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनाशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. सिल्वासाच्या श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयात प्रत्यक्ष दाखवता येईल. जिवाला धोका वाटत असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये.

काम संपताना

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी घरातून एकदा सावकाश फिरावे, प्रत्येक दार-खिडकी उघडून पाहावी, प्रत्येक नळ सोडून पाणी कुठे जाते ते पाहावे आणि उरलेल्या त्रुटींची यादी गवंड्याला एकदाच द्यावी. रोज एक नवी त्रुटी काढली की तो यायचा बंद होतो. लादीची एक पेटी आणि रंगाचा अर्धा डबा जपून ठेवावा, तोच रंग आणि तीच लादी पुढे मिळत नाही. आणि गिलावा होण्याआधी, भिंतीतील पाइप व वायरी उघड्या दिसत असताना, टेप धरून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आमच्या घरी हे राहून गेले. सगळे काम संपून, पाहुणे येऊन गेल्यावर, न्हाणीत आरसा लावायला बोलावलेल्या माणसाचे ड्रिल नेमके पाण्याच्या पाइपात गेले आणि नव्या लादीच्या चार तुकड्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून धूळ घरात आली. ती पेटी जपून ठेवली होती म्हणून निभावले.